अर्ज परिपूर्ण होईपर्यंत



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुजींना तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर ते ओसरीवर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. रेशनकार्डाचे, निराधार योजनेचे, एसटीच्या सवलतीचे. विषय तुम्हीच ठरवा असं कार्यकर्त्यांनी सांगितलं, तेव्हा मला फार शोधाशोध करावी लागली नाही. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात गेली. नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो आणि तेव्हापासून दिव्यांग मंडळींच्या कागदपत्रांच्या कामात मदत करत आलो आहे. टेबलाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. त्या अनुभवावरून आज सवलतीच्या अर्जाबद्दल आणि त्याला लागणाऱ्या वेळाबद्दल बोलणार आहे.

सुरुवात एका चांगल्या गोष्टीनं करतो. ९ मार्च २०२३ ला राज्याच्या अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि १७ मार्चपासून एसटीच्या गाडीत स्त्रियांना निम्मं तिकीट सुरू झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास मिळू लागला. या दोन सवलतींसाठी कुणी अर्ज केला? कुणीही नाही. बाई गाडीत चढली की कंडक्टर निम्मं तिकीट देतो. आजोबांनी आधार कार्ड दाखवलं की काम झालं. त्या पैशांची प्रतिपूर्ती राज्य सरकार महामंडळाला करतं. तो हिशेब त्या दोघांमधला आहे, प्रवाशाला त्यात पडावं लागत नाही. घोषणेपासून आठ दिवसांत राज्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांच्या हातात सवलत पडली. सरकारच्या मनात आलं तर किती वेगानं काम होतं, याचं हे अलीकडचं उदाहरण आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आनंद आहे.

त्याच गाडीत, त्याच कंडक्टरसमोर, पोलिओनं पाय अधू झालेला एक तरुण उभा असतो. दिव्यांगांना एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे आणि ती वरच्या दोन्ही सवलतींपेक्षा कितीतरी जुनी आहे. ती मिळवण्यासाठी मात्र त्याला आधी कार्ड लागतं, कार्डासाठी प्रमाणपत्र लागतं, प्रमाणपत्रासाठी तपासणी लागते आणि तपासणीसाठी तारीख लागते. हा रस्ता काहींना काही आठवड्यांत पार करता येतो. काहींची त्यात वर्षं जातात. दरम्यान तो पूर्ण तिकीट काढून प्रवास करत राहतो.

मला जे म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो. सवलत मंजूर झालेली असते. कायद्यात तिचा उल्लेख असतो, अंदाजपत्रकात तिची तरतूद असते. तरी ती माणसापर्यंत पोचत नाही, कारण पात्रता सिद्ध करण्याचा सगळा भार आपण मागणाऱ्यावर टाकलेला आहे आणि त्यात त्याचा जो काळ जातो त्याची नोंद कुठल्याही दप्तरात होत नाही. सरकारी काम अन् सहा महिने थांब, असं आपण सहज म्हणून जातो. ते सहा महिने कुणाच्या खर्चानं जातात, हे मात्र विचारत नाही.

लोक म्हणतील, वय कार्डावर असतं, अपंगत्व मोजावं लागतं. हे खरं आहे. वैद्यकीय तपासणी नको असं मी म्हणत नाही. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते २१ झाले. थॅलेसेमिया, सिकलसेल, स्वमग्नता, ॲसिड हल्ल्यातले बळी हे सगळे त्यात आले. यांतलं बरंचसं नुसत्या नजरेला दिसत नाही, तिथं डॉक्टरच हवा. अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे, ती टक्केवारी कुणीतरी जबाबदारीनं ठरवलीच पाहिजे. माझी तक्रार तपासणीबद्दल नाही. ती तपासणीच्या आधी आणि नंतर जे चालतं त्याबद्दल आहे.

जिल्हा रुग्णालयात तपासणीचे वार ठरलेले असतात. लोक त्याला ‘बोर्डाचा वार’ म्हणतात. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी एकदा सकाळी साडेसातला जाऊन पाहावा. खिडकी दहाला उघडते, पण पहिल्या गाडीनं आलेली माणसं आधीच पायऱ्यांवर बसलेली असतात. कुणी मुलाला पाठुंगळीला घेऊन आलेलं असतं, कुणी म्हातारीला खुर्चीसकट. प्लास्टिकच्या पिशवीत कागद असतात आणि ते पुन्हा पुन्हा काढून मोजले जातात. अंगठ्याएवढे फोटो, आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, जुन्या उपचारांचे पिवळे पडलेले केसपेपर. पाण्याचा नळ असतो, तो बहुधा जिन्याच्या पलीकडे. चालता न येणाऱ्या माणसांच्या तपासणीची खोली पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे, असंही मी पाहिलेलं आहे.

एका गवंड्याची मुलगी माझ्या ओळखीची आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. वर्गात ती पहिल्या बाकावर बसते आणि बाईंच्या ओठांकडे बघून शिकते. बाप तिला घेऊन बोर्डाच्या वारी गेला, तेव्हा कान-नाक-घशाचे डॉक्टर शिबिरावर गेले होते. पुढच्या खेपेला डॉक्टर भेटले, पण त्यांनी बेरा ही चाचणी लिहून दिली. मेंदूपर्यंत आवाज पोचतो का, हे त्या चाचणीत यंत्रावर कळतं. ते यंत्र त्या रुग्णालयात नव्हतं, म्हणून दुसऱ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचं नाव चिठ्ठीवर आलं. तिथं तारीख पुढची मिळाली. अहवाल घेऊन परत आला तर आधार कार्डावरचं मुलीचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव यांत एका काना-मात्रेचा फरक निघाला. या प्रत्येक खेपेला त्या बापाचा रोज बुडाला आणि दोघांचं पूर्ण तिकीट गेलं. लक्षात घ्या, ज्या कार्डावर तिकिटात सवलत मिळायची होती, ते कार्ड मिळवण्यासाठीच हा सगळा प्रवास पूर्ण भाड्यानं चालला होता. त्या मुलीचं बहिरेपण पहिल्या दिवशी जेवढं होतं तेवढंच शेवटच्या दिवशी होतं. कोणाही डॉक्टरला तिच्याशी पाच मिनिटं बोलून ते कळलं असतं.

या प्रकरणात मला कुणी वाईट माणूस दिसला नाही. शिबिर खरंच होतं. यंत्र खरंच नव्हतं. नावातला फरक खरंच होता. कारण प्रत्येक वेळी खरं असतं, म्हणून तर कुणाला जाब विचारता येत नाही.

प्रमाणपत्र मिळालं की काम संपलं, असंही नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांत स्पष्ट म्हटलेलं आहे की, नियमानुसार दिलेलं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र सर्वसाधारणपणे सर्व कारणांसाठी ग्राह्य राहील. १ जून २०२१ पासून ही प्रमाणपत्रं देशभर एकाच संगणकीय व्यवस्थेतून द्यायची, असं बंधन आलं. त्यातून जे कार्ड मिळतं त्याला आपण वैश्विक ओळखपत्र म्हणतो. कल्पना उत्तम आहे. एक माणूस, एक क्रमांक, सगळीकडे चालणारं एक कार्ड.

आता रेल्वेकडे या. रेल्वे दिव्यांगांच्या ठरावीक प्रकारांना शयनयान आणि साध्या वर्गात ७५ टक्के सवलत देते, सोबत्यालाही देते. फार मोलाची सवलत आहे ती. मुंबईला उपचारांसाठी जाणाऱ्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कुटुंबांना तिचा किती आधार असतो हे मी जाणतो. पण रेल्वेचा नमुना वेगळा. त्या नमुन्यात सरकारी डॉक्टरची सही-शिक्का घेऊन वेगळं सवलत प्रमाणपत्र काढायचं आणि त्यावर रेल्वेचं वेगळं ओळखपत्र मिळवायचं, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. म्हणजे त्याच रुग्णालयात, बहुधा त्याच डॉक्टरांसमोर, तोच पाय पुन्हा दाखवायचा. बरं, कायमचं अपंगत्व असलं तरी पंचवीस वर्षांपर्यंतच्या व्यक्तीचं हे सवलत प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं, सव्वीस ते पस्तीसपर्यंत दहा वर्षं आणि पस्तिशीनंतर कायमचं. पोलिओनं गेलेला पाय विसाव्या वर्षी काही परत येत नाही. शिकण्याच्या, परीक्षांना जाण्याच्या, नोकरी शोधण्याच्या ज्या वयात प्रवास सगळ्यात जास्त, त्याच वयात नूतनीकरणाचे हेलपाटेही सगळ्यात जास्त. अलीकडे रेल्वेच्या ओळखपत्राचा अर्ज घरबसल्या करता येतो, पूर्वी त्यासाठी विभागीय कार्यालय गाठावं लागे. ही सुधारणा मोठी आहे, ती नोंदवलीच पाहिजे. पण तिथं जोडायचा कागद तर त्या रुग्णालयाच्या खिडकीतूनच आणावा लागतो.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार २९ लाख ६३ हजारांवर दिव्यांग व्यक्ती आहेत. तेव्हा प्रकार सातच्या जवळपास होते. एकवीस प्रकार धरले तर संख्या त्याहून मोठी असणार, हे उघड आहे. माझ्या बोलण्यातली माणसं थोडीथोडकी नाहीत.

आता कायद्याकडे वळतो, कारण आपल्या राज्यात कायद्यांची कमतरता नाही. दिरंगाईविरुद्ध महाराष्ट्रात दोन चांगले कायदे आहेत आणि दोन्ही लोकांना पुरेसे ठाऊक नाहीत.

पहिला २००५ चा. त्याचं नाव लांबलचक आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचं विनियमन आणि कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबाला प्रतिबंध, अशा दोन विषयांचा तो मिळून आहे. लोक त्याला दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा तो येण्यात मोठा वाटा होता. या कायद्यानं प्रत्येक कार्यालयाला नागरिकांची सनद प्रसिद्ध करणं बंधनकारक केलं. कुठलीही फाईल एका कर्मचाऱ्याकडे साधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, दुसऱ्या विभागाकडे पाठवायची नसेल तर पंचेचाळीस दिवसांत आणि पाठवायची असेल तर तीन महिन्यांत निर्णय झाला पाहिजे, असं त्यात लिहिलेलं आहे. हेतुपुरस्सर विलंब केला तर शिस्तभंगाची कारवाई. माझ्या नोकरीत या कायद्यावर प्रशिक्षणं झाली, परिपत्रकं आली, कचेरीच्या भिंतीवर सनदेचा निळा फलक लागला. त्या कलमाखाली कुणाला शिक्षा झालेली मी पाहिली नाही.

दुसरा २०१५ चा, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम. हा जास्त धारदार आहे. यात सेवा वेळेत मिळणं हा नागरिकाचा हक्क मानला आहे. अर्जाला क्रमांकासह पोच मिळाली पाहिजे. मुदतीत काम झालं नाही तर पहिलं अपील, मग दुसरं, मग थेट सेवा हक्क आयोगाकडे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड, तोही त्याच्या खिशातून. उत्पन्नाच्या दाखल्याला पंधरा दिवस, असे दिवस सेवेगणिक ठरवून दिलेले आहेत. प्रत्येक सेवा मात्र या कायद्याखाली येत नाही. खात्यानं ती अधिसूचित केलेली असावी लागते.

इतकं सगळं असताना गवंड्याच्या मुलीचं काम अडकतं कुठं? ते त्या कायद्यातल्याच एका वाक्यात अडकतं. मुदत मोजायची ती सर्व दृष्टींनी परिपूर्ण अर्ज अधिकाऱ्याकडे आला त्या दिवसापासून. ज्या दिवशी माणूस पहिल्यांदा खिडकीशी उभा राहिला त्या दिवसापासून नव्हे. आणि अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे कार्यालय ठरवतं.

कचेरीत याला ‘अर्ज त्रुटीत काढणं’ म्हणतात. माझी नोकरी ज्या कचेऱ्यांत गेली तिथं हा शब्द दिवसातून कितीतरी वेळा कानावर पडे. फोटो जुना आहे, त्रुटी. सही चौकटीबाहेर गेली, त्रुटी. रहिवासाचा पुरावा तीन महिन्यांच्या आतला नाही, त्रुटी. त्रुटी निघाली की घड्याळ थांबतं. कागद जोडून अर्ज पुन्हा आला की पहिल्यापासून मोजायला लागायचं. आणि खरी कळीची गोष्ट अशी की, सगळ्या त्रुटी एकदम सांगितल्या जात नाहीत. पहिल्या खेपेला फोटो, तो आणला की उत्पन्नाचा दाखला, तो आणला की नावातला फरक. अर्जदाराच्या वहीत चार महिने झालेले असतात आणि कार्यालयाच्या तक्त्यात अर्ज नऊ दिवसांत निकाली निघालेला असतो. दोन्ही नोंदी खऱ्या. मंत्रालयात मात्र दुसरीच पोचते.

त्याहून वाईट प्रकार म्हणजे अर्ज आवक बारनिशीत, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदवहीत, घेतलाच जात नाही. ‘ठेवून जा, साहेब आले की बघू’ असं म्हणून कागद टेबलावर राहतो. ज्याची नोंद नाही त्याला विलंब होऊच शकत नाही. साधा माणूस पोच मागायला संकोचतो. पोच मागितली तर कारकुनाला राग येईल, आणि राग आला तर काम राहील, अशी त्याला भीती असते. ती भीती बिनबुडाची आहे असं मी तुम्हाला सांगू शकत नाही.

कारकुनाच्या बाजूनंही बोललं पाहिजे. मीही तिथून सुरुवात केली होती. टेबलावर मंजूर पदांपैकी निम्मी माणसं असतात. निवडणूक लागली की मतदार याद्या, दुष्काळ पडला की टँकरचे तक्ते, अतिवृष्टी झाली की पंचनामे, मार्चअखेर आली की खर्चाचे हिशेब, आणि रोजच्या रोज व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. सवलतीचा अर्ज या सगळ्याच्या खाली जातो, कारण त्यामागं कुणाचा फोन नसतो.

पण मनुष्यबळ वाढवलं म्हणून प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. मूळ वेगळ्या जागी आहे. चुकीच्या माणसाला सवलत दिली गेली तर लेखापरीक्षणात परिच्छेद निघतो, वसुली लागते, खातेनिहाय चौकशी होते, निवृत्तिवेतन अडकतं. योग्य माणसाला सवलत सहा महिने उशिरा दिली तर काय होतं? काही होत नाही. कारकून हा हिशेब नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकतो. मग तो प्रत्येक अर्जावर एक कागद जास्तीचा मागतो. तो कागद अर्जदाराला छळण्यासाठी मागितलेला नसतो, स्वतःला वाचवण्यासाठी मागितलेला असतो. परिणाम मात्र छळाचाच होतो. जोवर द्यायला लागलेला उशीर हीदेखील चूक म्हणून सेवापुस्तकात नोंदवली जात नाही, तोवर कितीही चांगला माणूस त्या खुर्चीत बसवा, तो जास्तीचा कागद मागणारच.

आपल्याच राज्यात हे बदलून दाखवणारे अधिकारी झाले. ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीची मांडणीच बदलली. जुनी दप्तरं वर्गवारी करून लावली, नको ती नष्ट केली, प्रत्येक टेबलावरच्या कामाचे गठ्ठे ठरवून दिले. निर्णयाची वाट बघणारं प्रकरण कुठल्या गठ्ठ्यात आहे हे साहेबाला उभ्या उभ्या दिसायला लागलं. लखिना पॅटर्न म्हणून ते आजही प्रशिक्षणात शिकवतात, सहा गठ्ठे पद्धत आम्ही सगळे शिकलो. पुढे २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी झिरो पेंडन्सीची मोहीम चालवली आणि वर्षानुवर्षं साचलेली प्रकरणं निकाली काढायला लावली. हे दोन्ही प्रयोग पाहिलेल्या माणसाला ‘आपल्याकडे असंच चालायचं’ हे वाक्य मान्य होणार नाही. मात्र दोन्हींची मर्यादाही मला दिसते. ते कार्यालयाच्या आत आलेल्या कागदाचा विचार करतात. अजून बारनिशीपर्यंत न पोचलेल्या, त्रुटीत घुटमळणाऱ्या माणसाचा हिशेब त्यांतही येत नाही. शिवाय साहेबांची बदली झाली की गठ्ठे पुन्हा एकत्र होतात.

मग संगणक आला आणि आम्हाला वाटलं आता खेटे संपले. काही संपलेही. पण अर्जाची जागा बदलली, खेट्यांचं कारण बदललं. आधारला जोडलेला मोबाइल नंबर मुलाकडे आहे आणि मुलगा चाकणला कंपनीत आहे. ओटीपी त्याच्याकडे जातो, तो शिफ्टला असतो. सर्व्हर बंद असतो. फोटोची साइज जास्त भरते. बोटांचे ठसे उमटत नाहीत. हाताच्या रेषा झिजलेल्या शेतमजुरांना आणि बोटं गमावलेल्या कुष्ठरोगमुक्त माणसांना यंत्रासमोर पुन्हा पुन्हा अंगठा टेकवताना मी पाहिलं आहे. ज्या कायद्यानं कुष्ठरोगमुक्तांना एकविसांत स्थान दिलं, त्याच्याच दाराशी यंत्र त्यांना ओळखत नाही. अशांसाठी नियमात पर्यायी मार्ग आहेत, पण ते अर्ज भरून देणाऱ्या केंद्रचालकाला माहीत असावे लागतात. पूर्वी कारकुनाशी बोलता तरी यायचं. पडद्यावरच्या लाल अक्षरांशी कुणी काय बोलणार?

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. प्रमाणपत्र द्यायची मुदत २०१७ च्या नियमांत एक महिना होती. २०२४ मध्ये नियम सुधारले आणि ती तीन महिने झाली. प्रत्यक्षात तीन महिने लागतच होते, म्हणून नियम वास्तवाजवळ आणला, असं समर्थन करता येईल. पण मग उद्या सहा महिने लागू लागले तर सहा लिहायचे का? मुदत पाळता येत नाही म्हणून मुदत वाढवणं हा सुधारणेचा मार्ग मला मान्य नाही. यंत्र घ्या, डॉक्टर नेमा, बोर्ड तालुक्याला न्या. महाराष्ट्रानं ३ डिसेंबर २०२२ ला दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभाग जाहीर केला. त्या विभागाकडून माझी ही अपेक्षा आहे.

बोगस प्रमाणपत्रांचं काय, हा प्रश्न विचारला जातोच आणि तो योग्य आहे. २०२४ मध्ये पुण्यात नेमणुकीवर असलेल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून देशभर गदारोळ झाला आणि लोकसेवा आयोगानं त्यांची उमेदवारी रद्द केली. त्यानंतर पडताळणीची लाट आली. पडताळणी व्हावी. पण तिचा भार कुणावर पडला ते बघा. ज्यांच्याकडे खरी प्रमाणपत्रं आहेत तीच माणसं पुन्हा रांगेत उभी राहिली. पैसा, ओळख आणि वाहन असलेल्या माणसाला आणखी दोन कागद जमवणं अवघड नसतं. बोगस काम करणारा सगळे कागद व्यवस्थित घेऊनच येतो, त्याच्या अर्जात त्रुटी निघत नाही. चाळणी बारीक केली की अडकतो तो गवंडी. फसवणुकीला कायद्यात शिक्षा आहेच: २०१६ च्या अधिनियमात खोटेपणानं लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. ती शिक्षा वापरा. प्रत्येक अर्जदाराला आधीच संशयित धरू नका.

काय करावं, याबद्दल माझी मतं ठाम आहेत. मुदत पहिल्या पोचेपासून मोजावी. त्रुटी असतील त्या सगळ्या एकाच वेळी, लेखी, खिडकीवरच सांगाव्यात. नंतर नवी त्रुटी काढायची तर वरिष्ठांनी कारण लिहून सही करावी. जो कागद सरकारच्याच एखाद्या कार्यालयानं दिलेला आहे, तो नागरिकाकडून मागू नये, तुम्ही तुमच्यात बघून घ्या. २०१५ च्या मार्चमध्येच शासनानं प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र आणि स्वयंसाक्षांकित प्रती चालतील असा निर्णय घेतलेला आहे. तरीही आजही माणसांना स्टँपपेपर आणायला पाठवलं जातं, आणि ते बंद व्हायला हवं.

याहून महत्त्वाची सूचना पुढची आहे. वैश्विक ओळखपत्राचा अर्ज भरला की नोंदणी क्रमांक मिळतो. त्या नोंदणीच्या पावतीवर, एखाद्या शासकीय डॉक्टरच्या प्राथमिक चिठ्ठीसह, तपासणी होईपर्यंत तात्पुरती प्रवास सवलत सुरू करावी. निदान तपासणीला जाण्यायेण्याच्या प्रवासापुरती तरी. उशीर झाला तर त्याची किंमत उशीर करणाऱ्या यंत्रणेनं भरावी, बापानं रोज बुडवून भरू नये. तपासणीत अपात्र ठरला तर सवलत थांबेल; सरकारचं नुकसान काही तिकिटांचं होईल. ज्या राज्यानं स्त्री प्रवाशांना अर्जाविना निम्मं तिकीट दिलं, त्याला एवढं सहज परवडेल.

शेवटी तुम्हाला विनंती. गुरुजींसारखं ओसरीवर बसणारं माणूस आता प्रत्येक गावात राहिलेलं नाही. इथं महाविद्यालयातले विद्यार्थी आहेत, बँकेतून, शाळांतून निवृत्त झालेली मंडळी आहेत. तुमच्यातल्या चौघांनी मिळून बोर्डाच्या वारी रुग्णालयात एक टेबल मांडावं. अर्ज आधी वाचून द्यावा, नावातला फरक घरीच पकडावा, आणि प्रत्येकाला तारखेची पोच मिळते की नाही ते उभं राहून पाहावं. अर्ज नाकारला तर २०१६ च्या अधिनियमात अपिलाची तरतूद आहे. सेवा लोकसेवा हक्क कायद्यात अधिसूचित असेल आणि मुदत उलटली असेल, तर तीस दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं. ज्यांची प्रकरणं अडकलेली आहेत त्यांनी कागद घेऊन सभेनंतर थांबावं. अपिलं आजच लिहायला घेऊ.